पाषाणभेदाचा वैशाख

"ओ बई, रोपेसले पानी पाजी ऱ्हायनी का त्यासले बुडाई ऱ्हायनी?"

आईचा हा आवाज चाळीस वर्षांमागचा. नरडाण्याजवळच्या मळ्यात मिरचीचा वाफा होता आणि सात वर्षांची सुंदर तांब्यावर तांब्या ओतत त्याच्यापाशी बसली होती. रोपं माना टाकून चिखलात आडवी झालेली. आई हसत होती की रागावली होती, ते आता आठवत नाही. पण पाजतेस की बुडवतेस, हा प्रश्न तेवढा राहून गेला. धुळ्याला, देवपूरच्या गच्चीवर, भर चैत्रात सुंदरबाईच्या हातात तांब्या आला की तो कानामागे येऊन उभा राहायचा.

"नाही गं माय, बुडवत नाही," ती पुटपुटायची आणि तांब्या खाली ठेवून चमच्यानं पाणी घालायची.

"औषध पाजते का काय झाडाला?" तिचा नवरा रुपचंद जिन्यात उभा राहून विचारायचा. एस.टी.च्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं इंजिनं खोलून त्याला एक सवय लागली होती. कुठलीही गोष्ट बिघडायच्या आधीच तो मान हलवायचा. "अगं, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. आपल्याला आंघोळीला दीड बादली. अन् या साहेबाला गच्चीवर खस, खाली गोटे, वर चमचा!"

साहेब म्हणजे पाषाणभेद. हिमालयातलं झाड. झाड म्हणायचं तेही मोठेपणानं, कारण उंची वीतभर. अंगठ्याएवढं जाड मूळ दगडाला बिलगून आडवं पडलेलं आणि त्याला पळसाच्या पानाएवढी, पण मांसल, गोल पानं. बर्फाखाली चार महिने झोपतं, उन्हं उतरली की गुलाबी तुरे काढतं, वर्षानुवर्षं मरत नाही. असं तिच्या भावानं लिहिलं होतं. बर्फात मरत नाही, हे खरंच असणार. धुळ्यात मात्र दोनदा मेलं होतं.

भावाचं नाव लोटन. अठराव्या वर्षी पलटणीत गेला, पेन्शनीत निघाला तो कुमाऊँच्या पहाडावरच एका लष्करी छावणीच्या बागेत माळी म्हणून राहिला. लग्न केलं नाही. आठ वर्षांपूर्वी पौषात आई गेली. तार गेली, पण पहाडाचा रस्ता बर्फानं बंद होता. तो पोचला पंधराव्या दिवशी, दहावं-तेरावं सगळं उरकल्यावर. ओट्यावर भाऊबंद बसले होते. चुलत्यानं, झुलालआबांनी, त्याला येताना पाहिलं आणि आत हाक दिली, "अरे, पाव्हना उना! पानी द्या रे पाव्हनाले!"

लोटननं ते पाहुण्याचं पाणी घेतलं. पिऊन पेला पालथा ठेवला. चार दिवस राहिला आणि गेला, तो परत म्हणून आला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पहिलं झाड आलं. शिंदखेडा तालुक्यातला कुणी जवान रजेवर येताना बिस्किटाच्या डब्यात, शेवाळात गुंडाळून घेऊन आला. सोबत चिठ्ठी: "सुंदर, आखाजीला मला तुला न्यायला येता येत नाही. म्हणून हे पाठवतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी बैलगाडी जुंपून येतो, एस.टी.नं येतो, सायकलवरही येतो. बिस्किटाच्या डब्यात बसून कुणाचा मुराळी आल्याचं सुंदरबाईनं ऐकलं नव्हतं. तरी तिनं डबा छातीशी धरला होता.

त्या पहिल्या झाडाला तिनं काय काय दिलं! मळ्यातली काळीशार कापसाची माती मागवली, कुजलेलं शेणखत दिलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. खानदेशात एखाद्यावर जीव असला की त्याला काळी माती देतात, त्याहून मोठं काय द्यायचं? काळी माती पाणी धरते, आणि पहाडातल्या मुळाला पाणी सुटून जायला हवं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात ते बुडाशी मऊ पडलं. बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं.

तिनं पत्र लिहिलं: "भाऊ, झाड छान आहे."

दुसरं तीन वर्षांनी आलं. या वेळी ती शहाणी झाली होती. माती हलकी घेतली. आणि घरातली सगळ्यात गार जागा दिली. ती कोणती, हे धुळ्या-जळगावकडे कुणालाही विचारा, माठाखालची. तिवईवर माठ पाझरतो, खाली थेंब थेंब पडतो, तिथं पुदिना वाढतो, अळू वाढतं, मांजर झोपतं. वैशाखात खुद्द रुपचंद तिथं डोकं टेकून पेपर वाचायचा. पाषाणभेदाला मात्र तिथं ना ऊन मिळालं ना वारा. पानांवर काळे डाग पडले, डागांवर पांढरी बुरशी. मुक्ताईनगरच्या नणंदेनं निम्मं मूळ आपल्या केळीच्या बागेत नेलं. "आमच्या केळीत काय गारवा, वैनी! तुम्हाला शाल लागेल." केळीतला तो ओला, कोंदट गारवा. आठ दिवसांत तेही गेलं.

पुन्हा पत्र: "झाडाला नवीन पान आलंय."

प्रत्येक पत्राच्या शेवटी ती आणखी एक ओळ लिहायची. "तुझ्यावर कुणाचा राग नाही. माझा तर मुळीच नाही. रस्ताच बंद होता, तू तरी काय करशील?" ही ओळ लिहिताना तिचं अक्षर फार सुरेख यायचं. शाळेत पाटीवर कित्ता गिरवावा तसं.

आणि या दिवाळीत तिसरं झाड आलं. सोबतचं पत्र नेहमीपेक्षा लांब होतं.

"फाल्गुनात बागेतली नोकरी संपते," लोटननं लिहिलं होतं. "इथं एक खोली देतात, राहा म्हणतात. पण गुडघे धरतात, आणि रात्री झोपेत मी अहिराणी बोलतो म्हणे. तुझ्याकडं यावं, देवपुरात एखादी खोली बघावी, असं मनात येतं. पण बाई, बावीस वर्षं थंडीत गेली. आपला उन्हाळा मला आता सोसेल? तुझी आधीची दोन जगली म्हणतेस, पण ती लहान होती. हे जुनं मूळ आहे, माझ्याच वयाचं समज. हे वैशाखातल्या आखाजीपर्यंत टिकलं तर माझंही जमेल असं धरून चालेन. आखाजीनंतरच्या रविवारी सकाळी दहाला मी बाजारात मिठाईवाल्याच्या फोनपाशी बसतो. नंबर खाली दिलाय. फोन कर."

सुंदरबाईनं ते पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा रुपचंदला वाचून दाखवलं.

"म्हणजे झाड पास तर मेहुणा पास," रुपचंद म्हणाला. "अन् आधीची दोन जगली कधी गं?"

"गप बसा."

तेव्हापासून तिनं कंबर बांधली. पांझरेच्या कोरड्या पात्रातून गोटे आणि जाड वाळू आणवली. फुटका रांजण आडवा करून त्यात गोट्यांची चळत रचली, फटीत मूळ बसवलं, पहाडात असतं तसं. सकाळचं कोवळं ऊन मिळावं म्हणून पूर्वेचा कोपरा, दुपारी वाळ्याचा पडदा. भावाच्या सूचनांचा कागद तिनं गच्चीच्या दाराला चिकटवला होता, आणि तो वाचून तिचं डोकं रोज तापायचं. "सकाळी धुकं उतरलं की मग पाणी द्यावं." कुठलं धुकं? देवपुरात सकाळी उतरतो तो वीटभट्टीचा धूर. "बर्फ पडला तर पानं झाकू नयेत, बर्फाची त्याला ऊब असते." हे वाचून ती एकदा एकटीच एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

पौष-माघ झाडानं मजेत काढले. थंडीत पानांच्या कडा तांबूस झाल्या, फाल्गुनात चक्क एक तुरा निघाला, चार फुलांचा. सुंदरबाईनं शेजारपाजारच्या सगळ्यांना गच्चीवर बोलावून तो दाखवला. हीच तिची चूक झाली.

दुसऱ्या दिवशी समोरची बेबाबाई वाटी घेऊन हजर. "सुंदरताई, हे पाषाणभेद ना? मग एक मूळ दे. आमच्या यांना मुतखडा. वैद्य म्हणतो, याच्या मुळीनं खडा फुटून बाहेर पडतो."

"नाही गं बेबा. एकच मूळ आहे."

"अख्खं नको, बोटभर."

"बोटभर काढलं तर उरेल काय?"

बेबाबाईनं वाटी कमरेवर टेकवली. "ताई, वाईट वाटून घेऊ नको. पण तुझ्याकडं ते मरणारच. त्यापेक्षा माणसाच्या पोटात गेलं तर पुण्य तरी लागेल."

"मरणार नाही!" सुंदरबाई एवढ्या जोरात ओरडली की खाली रुपचंदच्या हातातून पाना पडला. आठ दिवस दोघींचं बोलणं बंद होतं.

त्याच सुमारास गल्लीतला नथ्थू रजेवर आला. नथ्थू वनखात्यात, तोरणमाळला वनरक्षक. तोरणमाळ म्हणजे तेव्हा आपल्याच धुळे जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण, साडेतीन हजार फूट. त्यानं उकिडवं बसून झाड पाहिलं. "वैनी, निम्मं मला द्या. चौकीमागं कातळ आहे, उत्तरेकडं तोंड करून. वैशाखातही संध्याकाळी अंगावर पांघरूण लागतं. इथलं गेलं तर तिथलं राहील."

"इथलं जाणार नाही," ती म्हणाली. पण बेबाबाईचं बोलणं पोटात सलत होतं. तिनं विळीवर मूळ चिरलं. चिरताना डोळे मिटून घेतले, त्यामुळे नथ्थूला थोडं जास्तच गेलं.

चैत्र अर्धा सरला आणि आभाळाची भट्टी पेटली. पारा चव्वेचाळीसवर गेला. दुपारी गच्चीवर पाय ठेवला तर तळवा चटकायचा, चपलेचं रबर मऊ व्हायचं. सुंदरबाई वाळ्याचा पडदा भिजवायची, खाली येईपर्यंत तो वाळायचा. परत वर जायची. जाता-येता ओठात काहीतरी घोळायचं, तिच्या आईच्या जात्यावरच्या चालीचं, शब्द तिचे स्वतःचे:

वैशाखाचं ऊन बाई, सासूचं बोलणं
सावलीला गेलं तरी चुकेना पोळणं

झाड मात्र दुपारी झुंजायचं. पानं मिटून, कडा आत वळवून दम धरायचं. सकाळी ती बघायला जायची तेव्हा ते दुपारपेक्षा अधिक थकलेलं दिसायचं. हे काय कोडं, तिला कळेना. मग एका पहाटे तिनं गोट्यावर हात ठेवला. गोटा कोमट होता. सूर्य उगवायच्या आधी, गोटा कोमट! रात्रभर तो विझलाच नव्हता. पहाडातलं झाड दिवसाचं ऊन सोसतं, कारण रात्री त्याला थंडी मिळते, त्या थंडीत ते श्वास घेतं. इथं रात्रसुद्धा दिवसाचं उरलेलं ऊन ओकत होती. आणि तिनं मोठ्या हौसेनं पांझरेचे गोटे रचून त्याला तव्यावर बसवलं होतं.

तिनं गोटे उपसले. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणून पोत्यात गुंडाळून रांजणाशी ठेवला. बर्फ तासाभरात गेला. पाणी मुळाशी उतरलं ते मात्र गेलं नाही. रुपचंदनं वर्कशॉपातून जुना पत्रा आणून मान न हलवता सावली केली. एवढं सगळं होऊन आखाजीच्या दोन दिवस आधी झाडाचं शेवटचं पान देठापासून निखळून तिच्या तळहातावर पडलं. मूळ दाबून पाहिलं. उकडलेला बटाटा.

आखाजीला गल्लीत झोके बांधले होते. माहेरवाशिणी गात होत्या. सुंदरबाई खाली उतरली नाही. बेबाबाईच वर आली, पुरणपोळीचं ताट घेऊन, रांजणाकडं बघून उभी राहिली. "गेलं?"

"गेलं. घे आता मूळ."

"कुजलेलं चालत नाही गं," बेबाबाई म्हणाली, आणि मग ताट ठेवून तिच्याजवळ बसून राहिली.

शनिवारी नथ्थू आला. हातात वनस्पती तुपाचा डबा, वरून ओल्या फडक्यानं झाकलेला. त्यानं फडकं काढलं आणि सुंदरबाई पानं मोजू लागली. सात पानं. जाड, गोल, तुकतुकीत. मधोमध आठवं, मुठीसारखं मिटलेलं.

"कातळाला घट्ट धरलंय वैनी, काढताना नख मोडलं माझं. उद्या रात्रीच्या गाडीनं परत नेतो, इथं ठेवायचं नाही. पण म्हटलं, उद्या फोन आहे तुमचा. डोळ्यांनी बघून बोला. सांगा भावाला, जगलं म्हणून."

"ते इथं नाही जगलं, नथ्थूभाऊ."

"धुळे जिल्ह्यात जगलं ना? मग खोटं काय त्यात?"

रुपचंदनंही मान हलवली, पण या वेळी होकाराची. "बरोबर बोलतोय तो. तुला भाऊ पाहिजे की झाडाचा पंचनामा?"

रविवारी दहाला पाच कमी असताना ती चौकातल्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरली. काचेची पेटी, आत पंखा नाही. घंटा दोनदाच वाजली आणि पलीकडून उचलला गेला. म्हणजे तो आधीच बसला होता.

"सुंदर? कशी आहेस?" आवाज जुनाच, पण हिंदीच्या वळणावर गेलेला. "खूप गर्मी असेल ना तिकडं?"

"आहे. नेहमीसारखी. तू कसा आहेस?"

"मी ठीक. खोलीचं विचारतायत इथं. मी म्हटलं, बहिणीचा फोन येऊ द्या." मग विचारलं, "झाड?"

तिच्या डोळ्यांसमोर तुपाचा डबा होता. "आहे. जिवंत आहे, भाऊ. सात पानं आहेत. आठवं निघतंय."

पलीकडं बाजाराचा आवाज, कढईत झारा आपटल्याचा आवाज. तिनं वाट पाहिली. आता तो हसेल. आता म्हणेल, मग तिकीट काढतो.

"सात?" लोटन म्हणाला. "वैशाखात?"

"हो."

"अच्छा." शेवटची एस.टी. चुकल्यावर माणूस म्हणतो तसं ते अच्छा होतं. "चांगलं झालं. मग असं करू सुंदर, पावसाळा जाऊ दे. पाषाणभेदाला उन्हापेक्षा पाऊस वाईट. मूळ कुजतं. दसऱ्यापर्यंत टिकलं तर पक्कं समजायचं. तोपर्यंत मी खोली धरून ठेवतो."

सुंदरबाईनं रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून त्याच्याकडं पाहिलं. चमच्यानं घातलेलं पाणी, पांझरेचे गोटे, बर्फाची लादी, बेबाबाईची वाटी, सगळं त्या काळ्या रिसीव्हरमध्ये एकदम दाटून आल्यासारखं झालं. याला झाड जगायला नको होतं. ते मरेल, या भरवशावर तो मिठाईवाल्याच्या दुकानात बसला होता.

"आणि दसऱ्याला काय म्हणशील?" ती म्हणाली. "थंडी काढू दे? मग पुढचा उन्हाळा?"

"तसं नाही गं. मी आपलं..."

"भाऊ, तू कुठला रे पहाडातला? तू काय बर्फातून उगवलास? कळण्याची भाकरी खाऊन, भर उन्हात अनवाणी कैऱ्या पाडत मोठा झालास तू. त्या झाडाचा उन्हाशी काय संबंध अन् तुझा काय! तुला ऊन नाही सोसत? तुला तो ओटा सोसत नाही. झुलालआबा मेले त्याला चार वर्षं झाली. तिथं आता कुणी बसत नाही."

"सुंदर..."

"थांब. बोलू दे."

बूथवाल्यानं काचेतून मान वळवून पाहिलं. तिला घाम फुटला होता, आणि पत्रातली ती कित्त्यासारखी मराठी सुटून तिच्या तोंडी अहिराणी कधी आली, तिचं तिलाही कळलं नाही.

"झाड मरी गयं, भाऊ. तिन्ही मरी गयात. सात पानं शेतस ती तोरणमाळनी, गच्चीवरनी नहीत. मी तुले खोटं लिखं. अनि आखो एक खोटं लिखं, आठ वरीस लिखं. राग नही, राग नही, अशी लिखत ऱ्हायनू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "राग शे. माय मरनी तवय तू उना नही, रस्ता बंद व्हता, माले समजस, तरी राग शे. अनि उना तो चार दिनमा निंघी गया, माले एकलीले सोडीसन, त्याना त्याहून जास्त शे. आते बी शे. आते तू ये. मी तुन्हासंगे तोंडवर भांडसू."